बाईंना विचारा : पंचशील फळ्यावर की विहिरीवर?

गेल्या अंकात थायलंडमधल्या एका शाळेची चौकट छापून आली होती. चियांग माईची पन्याडेन शाळा. 2011 मध्ये सुरू झालेली, थाई आणि इंग्रजी अशा दोन भाषांत शिकवणारी, बौद्ध मूल्यं आणि पर्यावरणाचं भान दोन्ही धरून चालणारी. बांबू-मातीच्या इमारतींमुळे तिचे फोटो जगभर गेलेत. ती चौकट वाचून खान्देशातून इतकी पत्रं आली की संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवलेली बाई, त्यामुळे उत्तरं त्याच चष्म्यातून येणार. या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला, फक्त हीच पत्रं.

बाई, नमस्कार. आम्ही सहा मित्रमैत्रिणी, सगळे डी.एड. झालेले, टीईटी पास. भरतीची वाट बघून थकलो. एकाच्या वडिलांची सातपुड्याच्या पायथ्याशी दोन एकर जमीन आहे. तिथं मराठी-इंग्रजी द्विभाषिक प्राथमिक शाळा काढावी असं मनात आहे. आम्ही बौद्ध आहोत. शाळेत बौद्ध मूल्यं आणि पर्यावरण दोन्ही हवं. वेळापत्रकाचा कच्चा मसुदा सोबत जोडलाय. काही चुकत असेल तर कान धरा.
— एक भावी मुख्याध्यापक, चोपडा तालुका

धरते. तुमच्या वेळापत्रकात मूल्यशिक्षणाचे आठवड्याला चार तास आहेत आणि पर्यावरणाचे तीन. सातही खोडा.

तास केला की विषय झाला, विषय झाला की चाचणी आली, आणि चाचणी आली की 'पंचशीलाचे दोन फायदे लिहा' आलंच. पोरगं दोन फायदे लिहितं, पैकीच्या पैकी गुण घेतं आणि मधल्या सुट्टीत नळ उघडा टाकून पळतं. पर्यावरणाचा मजकूर परिसर अभ्यासाच्या पुस्तकात पुरेसा आहे. शाळा पाणी कुठून घेते, कचऱ्याचं काय करते, सरकारी तक्त्यात खरं लिहिते का, हे मुलं रोज बघतात आणि तेच उचलतात. तुम्ही शिकवा नाहीतर नका शिकवू.

म्हणून इमारतीचा नकाशा काढण्याआधी विहिरीपाशी जा. तुमची जमीन पायथ्याला, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या आणि वाळूच्या पट्ट्यात. तिथं पाणी भराभर मुरतं, तसंच उपसलं की भराभर खालीही जातं. चोपडा, यावल, रावेर हा केळीचा मुलूख. मोटेच्या काळातल्या विहिरी कोरड्या पडल्या आणि त्यांच्या पोटात बोअर गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हालाही कुणीतरी म्हटलंच असेल, 'आधी बोअर मारून घ्या, मग बाकीचं बघू.' थांबा जरा. पंचशीलातलं दुसरं शील आठवा, अदिन्नादाना वेरमणी. जे दिलेलं नाही ते घेणार नाही. मुलांना आपण ते 'दुसऱ्याची पेन्सिल उचलू नये' एवढ्यावर आणून ठेवलंय. तुमच्या खोल बोअरनं शेजारच्या आप्पांची विहीर आटली तर ते कुठल्या शीलात बसतं, हे तुम्ही सहा जणांनी एका संध्याकाळी बसून ठरवा. ते ठरलं की शाळेचं अर्धं धोरण लिहून झालं.

बोअरशिवाय भागेल का? हिशेब करा. आपल्या जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. 200 चौरस मीटरचं छप्पर धरलं तर त्यावर 1 लाख 40 हजार लिटर पाणी पडतं. सांडलं, उडून गेलं, पहिल्या सरीचं सोडून दिलं, असं धरून पाचवा भाग वजा करा. तरी 1 लाख 12 हजार उरतं. 60 मुलं, दरडोई प्यायला आणि हात धुवायला 5 लिटर, शाळेचे 200 दिवस : 60 हजार लिटर. म्हणजे टाकी बांधायची ऐपत असेल तर पाणी डोक्यावरच आहे. संडास आणि परसबागेचं वेगळं बघावं लागेल. हे गणित चौथीच्या पोरांकडून फळ्यावर करून घ्या, स्वतः करू नका.

आणि जवळची एखादी जुनी विहीर दत्तक घ्या. मी साक्री तालुक्यात असताना आमच्या शाळेमागे एक होती, कठडा बांधलेली. सुतळीला दर मीटरला गाठ, टोकाला दगड. एक शिक्षक कठड्याशी उभा, मुलं रांगेत. दगड पाण्याला टेकला की सुतळी सैल पडते, ती बोटांना कळते. वर ओढताना मुलं गाठी मोजत. एकदा मार्चमध्ये पहिलीतली पोरगी मोजता मोजता थांबली आणि ओरडली, "बाई, इहीरमा पानी खाले गये!" जी वरिष्ठ वर्गांना तक्त्यावरून कळायची होती ती गोष्ट तिला हातातल्या सुतळीनं सांगितली. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. तुम्हीही तेच महिने धरा. मेमध्ये सुट्टी असते, तेव्हा गावातलीच मोठी मुलं बोलवा. नोंदवही मराठीत आणि इंग्रजीत. तुमच्या द्विभाषिक शाळेचं पहिलं पुस्तक हेच असेल.

आता कचरा. भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक, त्यातल्या चुल्लवग्ग या भागात बुद्धाचा शिष्य आनंद याची गोष्ट आहे. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या कापडाचं हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार की काय? त्यानं जाऊन विचारलंच. आनंद म्हणाला, ज्या भिक्खूंची चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, विरलीत त्यांना वाटू. मग विरलेल्यांचं काय करणार? त्यांच्या चादरी. चादरी फाटल्या की? गादीच्या खोळी. खोळी फाटल्या की? जमिनीवर अंथरायला. त्यानंतर पायपुसणी, त्यानंतर धूळ झटकायची फडकी. आणि फडकी संपली की? कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा इतका खूश झाला की त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली. खान्देशातल्या कुठल्याही आजीनं, जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीचं पोतेरं करताना, ही गोष्ट न वाचता पाळलेली आहे. जूनमध्ये एक जुना गणवेश वर्गात टांगा आणि वर्षभर मुलांनाच त्याचा प्रवास ठरवू द्या. शेवटी सारवणात जाईपर्यंत. मात्र पॉलिस्टरचा सदरा मातीत कालवता येत नाही, हे मुलांना तिथंच कळेल आणि पुढच्या वर्षी गणवेशाचं कापड कुठलं घ्यायचं याची चर्चा पालकसभेत ती मुलंच लावतील.

वर्षावास तुम्ही आषाढ पौर्णिमेला कार्यक्रम म्हणून टाकलाय. हार, भाषण, खीर. खीर राहू द्या. वर्षावास सुरू कसा झाला ते बघा : पावसात भिक्खू फिरत, हिरवं गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवत, लोक नावं ठेवू लागले, तेव्हा बुद्धानं पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. आषाढ ते आश्विन, म्हणजे बरोबर तुमचं पहिलं सत्र. प्रत्येक मुलाला बांधावरचा हातभर लांब-रुंद चौकोन द्या, चार काड्या रोवून. तीन महिने तो तुडवायचा नाही, फक्त बघायचा, आठवड्याला एक चित्र काढायचं. त्यात तण उगवेल, गोगलगाय येईल, शेजारच्या वावरातली फवारणी उडून आली तर एक दिवस सगळं पिवळं पडेल. तेव्हा पहिल्या शीलावर, जीवहिंसा न करण्यावर, बोला. त्याआधी नको.

आणि कपाशीच्या फवारणीचे रिकामे डबे शाळेच्या आवारात दिसता कामा नयेत. मी ते डबे झाडांना पाणी घालायला वापरलेले पाहिलेत, एका ठिकाणी तर हात धुवायला. 'पर्यावरणपूरक टाकाऊतून टिकाऊ' अशी पाटीही होती वर.

मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं न बोलणं. बुद्धाचा मुलगा राहुल लहान होता तेव्हा बुद्धानं पाय धुवायच्या भांड्यात थोडंसं पाणी उरवून त्याला विचारलं, हे एवढंसं दिसतंय ना? जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याचं श्रमणपण एवढंसंच. मग भांडं उपडं केलं. गोष्ट मुलांना आवडते, भांडं उपडं करायला तर फारच. पण दर जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढणाऱ्या शाळेनं ती सांगू नये. मागच्या वर्षीचं रोप का मेलं, हे पाटीवर लिहा. मुलं वाचतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्रात अशी शाळा 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली निघते. संस्था नोंदणीकृत हवी, जमिनीची कागदपत्रं संस्थेच्या नावानं धड हवीत. मित्राच्या वडिलांचा शब्द कितीही पक्का असला तरी तो कागद नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवणं आलं, 60 मुलांपर्यंत निदान दोन शिक्षक आले, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आली, प्रवेशाला मुलाखत घ्यायची नाही. स्वच्छतागृहाच्या दारावर एक ओळ लिहायची असेल तर विनयातली लिहा : भिक्खूनं हिरव्या गवतावर किंवा पाण्यात लघवी करू नये, थुंकू नये. अडीच हजार वर्षं जुना नियम आहे आणि प्राथमिक शाळेसाठीच केल्यासारखा आहे.

शेवटचं, पैशाचं. इंग्लंडमध्ये ब्रायटनला अशीच एक बौद्ध प्राथमिक शाळा होती, धर्मा प्रायमरी स्कूल. 1994 ला निघाली, पालक प्रेम करायचे, तरी 2020 मध्ये बंद झाली. पट आणि पैसा जमेना. तुम्ही सहा जण पहिली दोन वर्षं काय खाणार आहात ते मसुद्यात नाही. तेही जोडा आणि मग परत लिहा.

माझा मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. आमच्या भागात अशी शाळा निघायच्या गोष्टी चालल्यात. शाळा चांगली असेल, पण आम्ही लेवा पाटील, घरी वारकरी वातावरण. मुलाला तिथं त्रिसरण-पंचशील म्हणायला लावतील का? विचारायला अवघड वाटतं, कुणाला राग यायला नको.
— एक आई, फैजपूर

ताई, विचारायला अवघड वाटलं तरी विचाराच, आणि प्रवेश घेण्याआधी विचारा. मी स्वतः बौद्ध घरातली आहे, संध्याकाळी घरी वंदना होते, म्हणून मला हे सांगायला संकोच नाही. संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारमान्य शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. शाळेनं फॉर्मवर तसा रकाना ठेवावा आणि 'नाही' लिहिणाऱ्याच्या मुलाला त्या वेळात बाहेर ताटकळत उभं करू नये, त्याला परसबागेत कामाला लावावं.

तुम्ही काय तपासा सांगते. 'मूल्यं' म्हणजे शाळा काय काय करते, हे त्यांना विचारा. उत्तरात नुसती वंदना, जयंती आणि मूर्ती आली तर तुमची शंका रास्त. उत्तरात पाणी, कचरा, मुलांना न मारणं, भांडणं कशी सोडवतात हे आलं तर निर्धास्त व्हा. हरिपाठ म्हणणाऱ्या घराशी त्याचं कुठं भांडण आहे? आणि हो, मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहे, मूल्यांची शाळा असो वा नसो. सर्वांत आधी तेच विचारा.

सहा वर्षांच्या नातवाला रोज वीस मिनिटं डोळे मिटून बसवणार म्हणे. जमेल?
— एक आजोबा, भुसावळ

नाही जमणार. तुम्हाला तरी जमतं का, आजोबा? इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतली आनापानाची, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याची, बालशिबिरंही साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी असतात. पहिली-दुसरीला दोन मिनिटं निंबाखाली गप्प बसून किती आवाज ऐकू आले ते मोजायला सांगा. भुसावळला निदान एक रेल्वेचा भोंगा नक्की मिळेल.

आमच्या शाळेत निम्मी मुलं अहिराणी बोलणारी, वरच्या पाड्यांवरून येणारी पावरी बोलणारी. मराठीच त्यांची दुसरी भाषा. मग 'द्विभाषिक शाळा' म्हणजे कुठल्या दोन भाषांची? आणि पालक तर इंग्रजीच मागतात.
— एक शिक्षिका, शिरपूर तालुका

या गठ्ठ्यातला मला सर्वांत पटलेला प्रश्न. तुमच्या दारात येणारं मूल आधीच एका भाषेत तरबेज आहे. 'मी वावरमा जास' म्हणणाऱ्या पोराला काळ, क्रियापद, विभक्ती सगळं येतं. फक्त ते पुस्तकातल्यासारखं येत नाही, म्हणून आपण त्याला 'कच्चा' लिहितो. शिक्षण हक्क कायद्याचं 29 वं कलम म्हणतं की शक्य तितकं शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असंच आहे. म्हणजे अहिराणीला वर्गात जागा देताना तुम्ही कुणावर उपकार करत नाही.

बौद्ध मूल्यांची शाळा म्हणवणाऱ्यांना तर इथं पळवाटच नाही. विनयपिटकात यमेळु आणि तेकुल या दोघा भावांची हकिगत आहे. जन्मानं ब्राह्मण, भाषेवर हुकमत. ते म्हणाले, वेगवेगळ्या कुळांतले, वेगवेगळ्या मुलखांतले भिक्खू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवतात, आम्ही ते छंदात बांधून देतो. बुद्धानं त्यांनाच झापलं, छंदात बांधायला मनाई केली आणि ज्यानं त्यानं आपल्या बोलीत शिकावं अशी मुभा दिली. पुढच्या आचार्यांनी त्या परवानगीचे अर्थ वेगवेगळे लावले, पण हकिगत आपल्या कामाची आहे. 'शुद्ध बोल' म्हणून मुलाला खाली बसवणाऱ्या वर्गात पंचशीलाचा तक्ता लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्षात करायचं कसं? पहिलं वर्ष तोंडी काम घरच्या बोलीत आणि मराठीत, वाचन-लेखन देवनागरीत. देवनागरी आली की अहिराणीही लिहिता येते, पावरीही. इंग्रजी पहिल्या दिवसापासून असू द्या, पण कानानं आणि हातानं : बादली उचल, बी पेर, दार लाव. परसबागेत आणि विहिरीवर इंग्रजी बोला, कारण तिथं वस्तू समोर असते आणि अर्थ सांगावा लागत नाही. इंग्रजी वाचन तिसरीच्या आसपास सुरू करा. घाई करणाऱ्या पालकांना तुमची नोंदवही दाखवा.

एक सवय मात्र मोडा. आपले शिक्षक इंग्रजीत एक वाक्य बोलतात आणि लगेच त्याचं मराठी सांगतात. मुलं हुशार असतात. पहिलं वाक्य सोडून देतात आणि दुसऱ्याची वाट बघतात. पन्याडेनमध्ये लहान वर्गांना एक थाई आणि एक इंग्रजी बोलणारा असे दोन शिक्षक असतात. ती खासगी आंतरराष्ट्रीय शाळा आहे, तिला परवडतं. तुम्हाला वर्गाला दोन पगार परवडणार नाहीत, पण वेळ वाटून घेता येतो : एका कामाला एक भाषा, मध्येच बदलायची नाही. पाड्यावरची एखादी शिकलेली ताई आठवड्यातून काही वेळ गोष्टी सांगायला आली तर पावरीचाही प्रश्न सुटतो. तिला मानधन द्या, नुसता नारळ-शाल नको.

पालक इंग्रजी मागतात ते चूक नाही. त्यांनी बोली बोलल्यावर तालुक्याच्या कचेरीत हसलेले लोक बघितलेत.

मुलांना सहलीला अजिंठा दाखवायचा आहे. बौद्ध वारसा आणि पर्यावरण एकत्र कसं दाखवू? लेणी बघून मुलं कंटाळतात.
— एक शिक्षक, जळगाव

लेणी नंतर, नदी आधी. अजिंठ्याच्या नालाकृती कड्याखालून वाघूर वाहते, तीच पुढे आपल्या जिल्ह्यात येऊन तापीला मिळते, आणि तिच्यावरच्या धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. आदल्या दिवशी वर्गातल्या नळाचं पाणी एका बाटलीत भरून घ्या, लेण्यांसमोरच्या पुलावर उभं राहून विचारा, हे पाणी कुठलं? मग आत न्या आणि सगळी लेणी दाखवायचा हट्ट सोडा. सतरा नंबरचं लेणं पुरे. त्यात महाकपी जातक आहे, आपल्या अंगाचा पूल करून कळपाला वाचवणारा माकडांचा राजा. मुलांना भिंतीवर माकडं शोधू द्या. आत अंधार असतो, फ्लॅश लावू देत नाहीत. डोळे सरावायला वेळ द्या.

दुसरी सहल हवी असेल तर धुळ्याजवळ लळिंगला जा. 1937 मध्ये बाबासाहेब खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथल्या लांडोर बंगल्यात राहिले होते. 31 जुलैला दरवर्षी लोक जमतात. त्या दिवशी गर्दी फार, लहान मुलांना दुसऱ्या दिवशी न्या. ऐन पावसाळ्यात कुरण हिरवं असतं. आणि साक्रीकडे गेलात तर पांझरेवरचे फडाचे बंधारे बघा. वरच्याला किती, खालच्याला किती पाणी द्यायचं, दुष्काळात कुणाचा फड, म्हणजे शेतांचा पट्टा, पेरायचा नाही, हे शेतकऱ्यांनीच मिळून ठरवलेली शतकांची पद्धत आहे. तिथून पुढे बारीपाडा आहे, गावानं राखलेलं जंगल. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. पावसाळ्यात तिथं रानभाज्यांची स्पर्धा भरते. मुलांचं पोट भरलेलं असलं की माहिती जास्त लक्षात राहते.

बौद्ध आणि पर्यावरणवादी शाळा म्हणजे डब्यात मटण बंद का? आमच्याकडे रविवारचं मटण सोमवारच्या डब्यात असतंच.
— एक पालक, अमळनेर

खान्देशी मटण सोमवारी जास्त मुरतं, हे खरं. संघात फूट पाडणाऱ्या देवदत्त या भिक्खूनं बुद्धाकडे ज्या पाच मागण्या केल्या त्यात भिक्खूंनी मासे-मांस खाऊच नये ही एक होती. बुद्धानं ती सक्ती नाकारली. आपल्यासाठी मारलेलं आहे असं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली तर घेऊ नये, एवढी अट ठेवली. पुढे अनेक बौद्ध परंपरांनी शाकाहार स्वीकारला, तो त्यांचा. प्राथमिक शाळेनं डब्यात डोकावून जात-धर्म हुंगू नये, आपल्याकडे त्याचा इतिहास चांगला नाही. शाळेनं नियम करायचाच असेल तर कुरकुऱ्यांच्या पुड्यांवर करावा. शाळेच्या फाटकासमोरची तंबाखूची टपरी तर 2003 च्या कायद्यानं 100 यार्डांच्या आत चालतच नाही. पाचवं शील, नशा न करण्याचं, पोरांकडून पाठ करून घेण्याआधी मोठ्यांनी ती हलवावी.

आम्ही धडगावकडे बांबूचं काम करतो. थायलंडसारखी बांबूची शाळा खान्देशात टिकेल का? परवानगी मिळेल?
— एक कारागीर, नंदुरबार जिल्हा

दादा, तुमच्यासारख्याचं पत्र आलं म्हणून बरं वाटलं, बाकी सगळे फोटोच मागत होते. पन्याडेनचे वर्ग मातीच्या जाड भिंतींचे आणि वर बांबूचं छप्पर, असे आहेत. 2017 मध्ये त्यांनी बांबूचा मोठा खेळाचा हॉल बांधला, सुमारे 300 माणसं मावतील असा, 17 मीटरहून जास्त गाळ्याच्या बांबूच्या कमानी, आत लोखंडी सळई नाही. पण त्यामागे वास्तुरचनाकार होते, अभियंते होते, आणि तिकडचा बांबू जाड जातीचा. सातपुड्यातला आपला मानवेल भरीव आणि चिवट, खांब-काठ्यांना उत्तम. एवढे मोठे गाळे त्याच्यावर कुणी जाणकारानं हिशेब केल्याशिवाय टाकू नका.

टिकण्याचं गुपित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. घुण लागतो तो आतल्या पिठूळ अंशाला, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून घ्यावा लागतो. खांब जमिनीत पुरायचा नाही, दगडी किंवा सिमेंटच्या बैठकीवर उभा करायचा. वळचण रुंद. भिंतींसाठी तर परदेशात बघायची गरज नाही : खान्देशातली धाब्याची घरं उन्हाळ्यात आतून कशी गार असतात ते आपण जाणतो, आणि तुमच्याकडचे कुडही.

परवानगीचं असं की मुलं बसणार म्हणजे इमारतीच्या पक्केपणाचा दाखला आणि आगीपासून बचावाची व्यवस्था लागणारच, त्यात सवलत मागूही नये. माझा सल्ला : पहिल्या टप्प्यात वर्ग जाड भिंतींचे नेहमीच्या पद्धतीनं बांधा आणि बांबूचा फक्त जेवणाचा मांडव करा, चारी बाजूंनी मोकळा, तुमच्या हातचा. अभियंत्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. चोपड्याच्या त्या सहा जणांना तुमचं पत्र पाठवायला संपादकांना सांगितलंय. आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर, म्हणजे स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू वन कायद्यात 'झाड' धरला जात नाही, त्यामुळे त्याच्या वाहतुकीला पूर्वीसारखा पास लागत नाही. तरी माल कुठून आणला त्याचा कागद जवळ ठेवा. तोड दिवाळीनंतरच करा, पावसाळ्यात तोडलेल्याला कीड लवकर लागते.